'असो' लिहिणारं गिऱ्हाईक

लातूरच्या एका गिऱ्हाइकाचा निरोप मला अजून तोंडपाठ आहे. "कार्यक्रम छान झाला. टॉवेलचा रंग मात्र पाहुण्यांच्या शर्टाला लागला. असो. धन्यवाद."

लग्नातल्या आहेरासाठी त्यांनी, आम्ही ज्याचं सॉफ्टवेअर बघतो त्या सोलापूरच्या चादर-टॉवेलच्या कारखान्यातून, साठ टॉवेल नेले होते. मी लिहिलेल्या प्रोग्रामनं त्या निरोपात 'छान' पाहिलं, 'धन्यवाद' पाहिलं आणि तो हिरव्या रकान्यात टाकला. हिरव्या रकान्यातलं कुणी वाचत नसे. सगळं वाचत बसायला लागू नये म्हणूनच तर प्रोग्राम केला होता. अकरा दिवसांनी कारखान्यात तक्रारी बघणाऱ्या ताईंनी दुसऱ्याच एका हिशेबासाठी त्यांना फोन लावला, तेव्हा पलीकडून "आता राहू द्या हो" एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला. ताईंनी निरोप उघडून मला दाखवला. म्हणाल्या, "दादा, हा माणूस किती दुखावलाय बघा, आणि आपण हिरवा रंग दिलाय."

त्या दिवसापासून पुढचे जवळजवळ पाच महिने मी एकाच कामात होतो. गिऱ्हाइकाच्या लिहिण्यातला भाव, म्हणजे चांगला की वाईट, आणि सूर, म्हणजे राग, दुःख, खात्री असं काही, ओळखणारी इंटरनेटवरची सेवा निवडायची. इतरांनाही हे करावं लागत असेल म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचं जुळे सोलापुरात चौघांचं छोटं सॉफ्टवेअरचं काम आहे. त्यातलं एक मोठं काम अशोक चौकाजवळच्या चादर-टॉवेलच्या एका कारखान्याचं. मालक अण्णा पद्मशाली. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, हैदराबादच्या व्यापाऱ्याशी हिंदी. ऑर्डरी आणि तक्रारी ताई बघतात, चौदा वर्षं झाली. पूर्वी सगळं फोनवर चालायचं. आता वेबसाइट, व्हॉट्सॲप, ऑनलाइन बाजारातले अभिप्राय असं चहूकडून येतं. महिन्याला तीन हजारांच्या आसपास निरोप, सणासुदीला त्याहून जास्त. मराठी देवनागरीत, मराठी इंग्रजी अक्षरांत, हिंदी, विजापूर-कलबुर्गीकडून कन्नड, शिवाय आपल्याकडची दखनी उर्दू. एकाच निरोपात यातल्या तीन सापडतात.

माझा पहिला प्रोग्राम शब्दांच्या यादीवर चालायचा. चांगल्या शब्दाला अधिक, वाईट शब्दाला उणे, शेवटी बेरीज. ही पद्धत मी व्हेडर या साधनावरून घेतली होती. ते २०१४ सालचं, फुकट, इंग्रजीसाठी केलेलं, साडेसात हजारांच्या आसपास शब्द आणि खुणा असलेलं. माणसांकडून प्रत्येक शब्दाला उणे चार ते अधिक चार असं वजन काढून घेतलंय. त्यात एक फार सुंदर नियम आहे. वाक्यात 'बट' आला की त्याच्या आधीच्या भागाचं वजन निम्मं होतं आणि नंतरच्या भागाचं दीडपट. लातूरच्या निरोपानंतर मी घाईनं 'पण' आणि 'मात्र' यांना तोच नियम लावला. काही उपयोग झाला नाही. कारण 'टॉवेलचा रंग पाहुण्यांच्या शर्टाला लागला' या वाक्यात एकही वाईट शब्द नाही. रंग, पाहुणे, शर्ट, लागणे. यादीत शोधायचं तरी काय?

याद्यांचा आणखी एक त्रास तेव्हाच कळला, तोही सांगून टाकतो. 'गिऱ्हाईक', 'दुसऱ्या', 'अपुऱ्या' या शब्दांतला ऱ्य-ऱ्ह निरनिराळ्या मोबाइलवर निरनिराळ्या तऱ्हेनं साठवला जातो. डोळ्यांना शब्द तोच, पण आतले कोड वेगळे. त्यामुळे 'अपुऱ्या मालाबद्दल' हा शब्दगट यादीत असूनही निम्म्या वेळा सापडत नव्हता. युनिकोडचं सामान्यीकरण करून घेतलं, म्हणजे एकाच अक्षराचे निरनिराळे कोड एकसारखे केले, साध्या 'र्'पुढे अदृश्य जोडखूण होती तिथे 'ऱ्' केला, उरलेल्या जोडखुणा काढल्या, मग जमलं. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यानं कुठल्याही सेवेला हात लावण्याआधी हे करून घ्यावं, नाहीतर स्वतःच्या चुकीचं खापर सेवेवर फुटतं.

मग तयार सेवा बघायला बसलो. पहिलं नाव डोक्यात आलं ते आयबीएमच्या टोन अनालायझरचं, कारण शिकत असताना त्याचे धडे वाचले होते. राग, भीती, आनंद, दुःख, शिवाय बोलणारा खात्रीनं बोलतोय की चाचरत, असं सांगणारी ती सेवा. आम्हाला हवा होता तो सूर ओळखण्याच्या सगळ्यांत जवळची. पण ती फेब्रुवारी २०२३ मध्येच बंद झालेली. भाव सांगणाऱ्या सेवा भरपूर आहेत, पण सूर सांगणारी तशी दुसरी तयार सेवा मला सहज सापडली नाही. त्यावरून मी एक गोष्ट लगेच लिहून ठेवली: आपला बाकीचा प्रोग्राम कुठल्याही सेवेशी थेट बोलणार नाही. मध्ये आपला एक पातळ थर असेल. निरोप आत गेला की आपल्या शब्दांत उत्तर बाहेर येईल, आत कोण बसलंय हे बाहेरच्याला कळणार नाही. आणि सेवेचं मूळ उत्तर तारखेसह जसंच्या तसं साठवायचं. पुढे तीनदा आतला माणूस बदलला, तेव्हा या थरानं दरवेळी दोन-दोन आठवडे वाचवले.

मोठ्या सेवांची कागदपत्रं वाचताना लक्षात आलं की प्रत्येकाची उत्तर द्यायची रीत निराळी आहे, आणि हे नीट समजून न घेता त्यांची तुलना करणं चूक. गूगलची सेवा दोन आकडे देते. एक उणे एक ते अधिक एक, म्हणजे भाव कुठल्या बाजूला. दुसरा शून्यापासून पुढे, म्हणजे एकूण भावना किती भरलीय. पहिला शून्याजवळ आणि दुसरा मोठा असेल तर मजकुरात गोड-कडू दोन्ही आहे. दोन्ही लहान असतील तर मजकूर कोरडा आहे. नुसता पहिला आकडा बघितला तर 'पार्सल मिळाले' आणि 'चादर सुंदर पण पार्सल फाटके' हे एकाच ठिकाणी जातात. ॲमेझॉनची कॉम्प्रिहेंड सरळ चार नावं देते: चांगला, वाईट, तटस्थ, मिश्र, आणि प्रत्येकाची खात्री किती ते. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरची सेवा पूर्ण मजकुराला आणि आतल्या एकेका वाक्यालाही वेगळा शिक्का देते. आमच्या कामाला ते फार सोयीचं, कारण आमच्याकडच्या तक्रारी बहुतेक मधल्या वाक्यात दडलेल्या असतात.

भाषेची यादी आधी बघा. कॉम्प्रिहेंडच्या भाव ओळखण्याच्या यादीत मी पाहिलं तेव्हा हिंदी होती, मराठी नव्हती. गंमत म्हणजे मजकूर कुठल्या भाषेत आहे हे ओळखण्याच्या यादीत मराठी होती, आणि वरवर बघणाऱ्याला वाटतं मराठी चालते. ॲझ्युरच्या यादीत मराठी होती. पण यादीत भाषा असणं आणि आपल्या गिऱ्हाइकाची भाषा कळणं यात किती अंतर असतं, ते पुढे येईलच.

पैशाचा हिशेबही अक्षरांवर चालतो. गूगल आणि ॲझ्युर दोन्हीकडे हजार अक्षरांचा एक हप्ता धरून पैसे. कॉम्प्रिहेंडकडे शंभर अक्षरांचा, पण दर वेळी पाठवलेल्या मजकुराला कमीत कमी तीन हप्ते. म्हणजे 'रंग गेला' एवढे आठ अक्षरांचे दोन शब्द पाठवले तरी तीनशे अक्षरांचे पैसे. आमचे निरोप चाळीस-पन्नास अक्षरांचे, त्यामुळे लांबीपेक्षा संख्येलाच किंमत पडणार हे उघड होतं. आणि बहुतेक ठिकाणी अक्षर म्हणजे आपण वाचतो ते अक्षर नव्हे. 'चादरीचा' आपण चार अक्षरांत वाचतो. तिथे संगणक काना-वेलांटी वेगळी धरतो, म्हणून तो सात मोजतो, आणि साठवायला एकवीस बाइट लागतात. ज्या सेवेची मर्यादा पाच हजार बाइटची असते तिथे मराठी साडेसोळाशेच्या आसपास खुणांतच संपते. आमच्या आकाराच्या कामाला फुकटच्या मर्यादेतच बरंच भागत होतं, त्यामुळे पैशावरून कुणाला बाद करायची वेळ आली नाही. बाद व्हायची कारणं दुसरी निघाली.

इथवर दोन आठवडे गेले होते आणि मी चार सेवांच्या किमती, मर्यादा, भाषा यांचा मोठा तक्ता केला होता. तो घेऊन कारखान्यावर गेलो. अण्णांनी तक्ता शांतपणे बघितला आणि विचारलं, "यातली कुठली आपल्या लातूरच्या माणसाला ओळखते?" मला उत्तर देता आलं नाही. अण्णा म्हणाले, "मग हे काय बघायलास बे? सुताचं पोतं उघडून हातात धागा घेतल्याशिवाय मी कधी सूत घेतलंय का?"

तेव्हा मी खरं काम सुरू केलं. जुन्या निरोपांतून साडेचारशे निवडले. निवडताना गोड-कडू हिशेबानं नाही, तर वर्षभरातले, सगळ्या महिन्यांतले, सगळ्या भाषांतले, जसे येतात तसे. नावं, फोन नंबर, पत्ते काढून टाकले. मग मी आणि ताईंनी वेगवेगळं बसून प्रत्येकावर चांगला, वाईट, तटस्थ असे शिक्के मारले. कारखान्याच्या माडीवर, खाली माग चालू, टेबल थरथरतंय, आणि आम्ही दोघं दोन टोकांना कागद घेऊन बसलो होतो. पहिले शंभर झाल्यावर जुळवून बघितले तर एकोणतीस ठिकाणी आमचंच जमत नव्हतं. माणसांचंच जिथे जमत नाही तिथे यंत्र कुठल्या बाजूनं बरोबर धरायचं? म्हणून ते एकोणतीस कागद घेऊन आम्ही एक आख्खी दुपार बोललो. या पाच महिन्यांत मी सगळ्यांत जास्त शिकलो ते त्या दुपारी.

'चादर भारी आहे.' मी चांगला शिक्का मारलेला. ताईंनी तटस्थ. त्या म्हणाल्या, "पुढचं वाचा की." पुढे होतं, 'आईला उचलून झटकता येत नाही.' इथे भारी म्हणजे वजनदार. आमच्या चादरीचं वजन हीच तिची प्रतिष्ठा, पण सत्तरीच्या बाईला ते वजनच नको आहे. आणि 'लै भारी चादर' असेल तर तेच भारी म्हणजे उत्तम. 'टॉवेल हलका आहे' हे त्याहून अवघड. मराठीत हलका माल म्हणजे कमअस्सल माल. पण पंढरपूरच्या वारीला निघालेला माणूस 'हलका आहे, पिशवीत मावतो' लिहितो तेव्हा तो खूश असतो. 'कडक' बघा. नव्या पोराच्या तोंडी 'कडक माल' म्हणजे झकास. आणि घरातली बाई 'टॉवेल कडक आहे' म्हणते तेव्हा खळ धुऊन निघाली नाही, अंगाला टोचतो, अशी तक्रार असते. ताईंनी हे सगळं मला एकेक निरोप बोटानं दाखवत सांगितलं. त्यांना लिहिणाऱ्याचं वय, गाव, पूर्वीच्या ऑर्डरी सगळं दिसत होतं. मला फक्त शब्द दिसत होते.

आणि मग 'असो'. साडेचारशेत तेवीस ठिकाणी 'असो' किंवा 'जाऊ द्या' किंवा 'राहू द्या' होतं. मी त्यातले बरेचसे तटस्थ धरले होते. माणूस विषय सोडून देतोय, म्हणजे राग नाही, असं मला वाटलं. ताईंनी तेवीसपैकी एकोणीस वाईट धरले. मी कारण विचारलं. म्हणाल्या, "दादा, जो भांडतो त्याला अजून आपल्याकडून काहीतरी हवं असतं. त्याला बदलून दिलं की तो परत येतो. असो म्हणणाऱ्याला आता आपल्याकडून काहीच नको असतं." आम्ही दोघांनी त्या गिऱ्हाइकांच्या पुढच्या ऑर्डरी काढून बघितल्या. तेवीसांतल्या फक्त चौघांनी नंतर माल घेतला होता.

त्या दुपारनंतर शिक्केच बदलले. चांगला-वाईट-तटस्थ काढून टाकलं. नवे तीन: 'आज फोन', 'या आठवड्यात बघा', 'वाचलं'. अण्णांना आणि ताईंना भावनेचा आकडा नको होता, सकाळी दहा वाजता कुणाला फोन लावायचा ते हवं होतं. शिवीगाळ करणारा निरोप नेहमी 'आज फोन' नसतो, आणि धन्यवाद म्हणणारा नेहमी 'वाचलं' नसतो. भाव एक गोष्ट, सूर दुसरी, आणि निकड तिसरी. तयार सेवा आपल्याला पहिली देते. मागत आपण तिसरी असतो. हे एवढं मला आधी कुणी सांगितलं असतं तर ते दोन आठवडे वाचले असते.

बरोबर-चूक मोजायची रीतही बदलावी लागली. साडेचारशेत 'आज फोन' चोपन्न होते. म्हणजे एखाद्या यंत्रानं डोळे मिटून एकालाही 'आज फोन' म्हटलं नाही तरी ते साडेचारशेपैकी तीनशे शहाण्णव वेळा, म्हणजे ८८ टक्के, बरोबर ठरतं. आणि एकही दुखावलेलं गिऱ्हाईक त्याला सापडलेलं नसतं. मी ताईंना विचारलं, विनाकारण दहा फोन लावावे लागले तर चालेल का? "चालेल की, गिऱ्हाइकाला चौकशी केलेली आवडतेच. एक सुटलेला मात्र चालायचा नाही." म्हणून आम्ही एकच आकडा बघायचा ठरवलं. चोपन्नांपैकी किती सापडले.

आता सेवांची परीक्षा. नावं मुद्दाम देत नाही, कारण या सेवांच्या आतली मॉडेलं, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेले प्रोग्राम, सतत बदलतात आणि आजच्या चुका उद्या तशाच राहतील असं नाही. 'वाईट' आणि 'मिश्र' हे दोन्ही शिक्के आम्ही 'आज फोन' धरले, म्हणजे यंत्राला जितकी सवलत देता येईल तितकी दिली. इंग्रजीत लिहिलेले अभिप्राय सगळ्यांना उत्तम जमले, आमच्यापेक्षाही जलद. हिंदीही बरी. मराठीवर आल्यावर गाडी अडली. एका सेवेनं लातूरचा निरोप चांगला ठरवला, आणि खात्री पंचाण्णव टक्क्यांच्या वर. तो आकडा बघून मला फार वाईट वाटलं. ही खात्री मॉडेलला स्वतःबद्दल वाटणारी असते. तिचा आपल्या मालाशी, आपल्या माणसांशी संबंध असेलच असं नाही, आणि हे ज्याला ठाऊक नसतं तो पंचाण्णव बघून निर्धास्त होतो. दुसऱ्या एका सेवेत शेवटी हात जोडलेलं चित्र असलं की निरोप गोड बाजूला झुकायचा. आपल्याकडे माणूस तक्रार करतानाही शेवटी हात जोडतो.

आधी भाषांतर करून मग इंग्रजी सेवेला द्यायचं, हा मार्ग अनेकांनी सुचवला. तोही करून बघितला. 'माल हलका निघाला' याचं भाषांतर वजनानं हलका असं झालं. 'लै भारी' कधी जड, कधी फार महाग. 'असो' बहुतेक वेळा भाषांतरात उरतच नव्हता. नेमकं जे शोधायचं होतं तेच वाटेत गळून पडत होतं. चॅटजीपीटीसारख्या मोठ्या भाषिक मॉडेलांनाही निरोप दिले. काय चाललंय हे चार ओळींत समजावून सांगितलं, 'असो'चे दोन दाखले दिले, तर त्यांनी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त ओळखले. हे मोकळेपणानं सांगायला हवं. पण ही मॉडेलं मजकूर छोट्या तुकड्यांत तोडून वाचतात, देवनागरीचे तुकडे फार पडतात आणि किंमत तुकड्यांवर असते. शिवाय तोच निरोप दोन वेळा दिला तर कधी 'आज', कधी 'या आठवड्यात'. ताई सकाळी एक यादी बघणार आणि दुपारी ती बदललेली असणार, हे मला नको होतं.

अण्णांचा प्रश्न त्याहून मूलभूत होता. "आपल्या गिऱ्हाइकानं विश्वासानं आपल्याला लिहिलेलं बाहेर कुठे जाणार?" वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण अण्णांनी कायदा वाचून विचारलं नव्हतं. मी प्रत्येक सेवेच्या अटी पुन्हा वाचल्या. मुंबईतल्या यंत्रांवरच मजकूर ठेवता येतो का, मजकूर ठेवून घेऊन मॉडेल सुधारायला वापरतात का, आणि ते बंद करायची सोय आहे का. काही ठिकाणी सोय होती, पण ती आपण होऊन शोधून चालू करावी लागते. ज्यानं कुणी अशी सेवा घ्यायची आहे त्यानं किमतीच्या पानाआधी हे पान वाचावं, एवढं कळकळीनं सांगतो.

शेवटी वाट सापडली ती पुण्यातून. पुण्यात एल-थ्री-क्यूब नावाचा गट मराठीवर काम करतो. त्यांनी २०२१ मध्ये सोळा हजारांच्या आसपास मराठी ट्वीट गोळा करून, माणसांकडून शिक्के मारून 'महासेंट' हा संच खुला केला. पुढे मराठी मजकुरावर शिकवलेलं महाबर्ट हे मॉडेल, आणि इंग्रजी अक्षरांतल्या मिश्र मराठीसाठीही मॉडेलं. मराठी मजकुरावर इतकं निगुतीनं कुणी काम केलंय हे बघून मला मनापासून आनंद झाला. त्यांचं भाव ओळखणारं मॉडेल उतरवून घेतलं आणि आमच्या ऑफिसातल्या साध्या यंत्रावर चालवलं. छोट्या निरोपांना महागडं ग्राफिक्स कार्डसुद्धा लागलं नाही. ते ट्वीटवर शिकलेलं, म्हणून राजकारण-क्रिकेट ओळखायचं, पण चादर त्याला ओळखीची नव्हती. तसंच वापरलं तेव्हा ते मोठ्या सेवांपेक्षा फार पुढे नव्हतं. फरक एवढाच की याला शिकवता येत होतं. (परवाना मात्र वाचूनच पुढे जा. मॉडेलाचा आणि संचाचा परवाना वेगळा असू शकतो, आणि काही संच व्यावसायिक वापराला खुले नसतात.)

मग दोन महिने ताईंनी रोज दुपारी, जेवण झाल्यावर, वीस निरोपांवर शिक्के मारले. रोज वीसच, कारण त्यापुढे हात यंत्रासारखा चालतो आणि शिक्के बिघडतात, असं त्यांनीच सांगितलं. बाराशेच्या आसपास झाले. ते मॉडेलला शिकवले. पहिले साडेचारशे मात्र कुलपात ठेवले, त्यातला एकही शिकवायला वापरला नाही. परीक्षेचा पेपर अभ्यासात घातला तर गुण खोटे येतात. इंग्रजी अक्षरांतल्या मराठीसाठी आधी मद्रास आयआयटीच्या एआयफॉरभारत या गटाचं लिप्यंतराचं साधन लावलं. 'chadar' असं लिहून येणारी चादर त्यातून नीट देवनागरीत येते. 'pn', 'nhi', 'khup chn' असली स्वर गाळलेली मोबाइलची भाषा येत नव्हती, तिची दोनशे शब्दांची यादी आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांत धाकट्या मुलीनं एका बसणीत करून दिली.

पुन्हा परीक्षा घेतली. चोपन्नांपैकी एक्कावन्न सापडले. तयार सेवांपैकी सर्वांत चांगलीनं मराठी-हिंदी-इंग्रजी मिळून पस्तीस शोधले होते. उरलेले तीन मी ताईंना दाखवले. दोन कन्नडमधले होते. तिसरा होता, 'ताई, तुम्ही बऱ्या आहात ना?' बस, एवढाच. ताई वाचून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ऑर्डर देऊन महिना झाला होता, माल गेलाच नव्हता, आणि त्या बाईंनी रागावायच्या ऐवजी माझी चौकशी केली. हा निरोप कुठल्याच मॉडेलला नुसत्या शब्दांवरून कळणार नाही. त्यावर आम्ही उपाय केला तो साधा: ऑर्डर अडकलेली असेल तर निरोपात काहीही लिहिलेलं असो, तो यादीत वर.

आज जे चालू आहे ते असं. मराठी आणि मिश्र निरोप आमच्याच यंत्रावर. बाजारातले इंग्रजी अभिप्राय, जे मुळातच जगाला दिसतात, ते एका मोठ्या सेवेकडे, कारण तिथे ती उत्तम आहे आणि फुकटच्या मर्यादेत बसतं. मॉडेलला ज्यावर खात्री नाही ते सगळे सरळ ताईंकडे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कुलपातली परीक्षा पुन्हा घेतो, मोठ्या सेवेचीही, कारण तिचं मॉडेल आपल्याला न सांगता बदलू शकतं. दर तीन महिन्यांनी ताई शंभर नवे निरोप त्यात घालतात. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत निरोपांची भाषाच बदलते, बाहेरगावची माणसं लिहितात, हे पहिल्या जानेवारीत कळलं.

लातूरच्या त्या घरी ताईंनी नंतर स्वतः फोन केला होता. माल बदलून देतो म्हणाल्या. त्यांनी नको म्हटलं. पण बोलता बोलता कुठल्या लॉटचे टॉवेल होते ते सांगितलं. अण्णांनी तो लॉट काढला, डाइंगवाल्याकडे रंग पक्का होण्याआधीच माल उतरवल्याचं निघालं, आणि त्या लॉटचे उरलेले टॉवेल विकले नाहीत.

सध्या कन्नड आणि तेलुगूचं काम हातात आहे. कन्नडला ताईंच्या शेजारच्या वहिनी मदत करतात. तेलुगूसाठी अण्णांच्या आई येऊन बसतात, वय ऐंशीच्या पुढे, वाचता येतं, लिहिणं सुटलंय. मी वाचून दाखवतो, त्या शिक्का सांगतात. परवा एक निरोप आला, त्यात टॉवेलबद्दल एकच शब्द, 'परवालेदु'. मी अण्णांना अर्थ विचारला, ते म्हणाले, "ठीक आहे, वाईट नाही." मी 'वाचलं'वर हात नेला. म्हातारीनं माझा हात धरला. तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. अण्णांनी सांगितलं, "आई म्हणती, चालेल, जाऊ दे, असंही होतंय त्याचं. कोण म्हणतंय ते बघ आधी." मी गिऱ्हाइकाच्या जुन्या ऑर्डरी उघडल्या. सहा वर्षांत अकरा ऑर्डरी, आणि अकराही वेळा त्या माणसानं चार-चार ओळी लिहिल्या होत्या. शिक्का 'आज फोन' असा मारला आणि फोन आईंनीच लावला.